टीव्हीला आठ दिवस आराम

पोलादपूरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं आणि दुकानावर पाटी होती: 'येथे टीव्ही दुरुस्त करून मिळतील. घाई असेल त्यांनी महाडला जावे.' पाटी त्यांनी स्वतःच रंगवली होती. पहिलं वाक्य निळ्या रंगात, दुसरं लाल रंगात आणि दुप्पट मोठं. गिऱ्हाईक हाकलायला पाटी लावणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही.

त्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मी तीन वर्षं भाड्याने राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी पहिली नेमणूक पोलादपूरजवळच्या एका वाडीवर झाली होती. मी वाईकडची, नवरा पुण्याच्या कारखान्यात. तो एक शनिवार सोडून यायचा. वरंधा घाट उघडा असला तर भोरवरून, तो बंद असला तर आंबेनळी घाटाने, आणि दोन्ही बंद असले की फोनवरून.

घरमालकांना सगळं पोलादपूर चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. साठीच्या आसपासचे, उंच, किडकिडीत, चौकड्यांची लुंगी आणि कानावर पेन्सिल ठेवावी तसा टेस्टर. नमाजाला जाताना टेस्टर काढून टेबलावर ठेवायचे, आले की पुन्हा कानावर. टेस्टर नसला की त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा वाटायचा.

दुकानात तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर दुरुस्तीला आलेले टीव्ही. तेव्हा पाठीला कुबड असलेले जुने टीव्ही अजून पुष्कळ होते. पण एकाही टीव्हीचं तोंड दिसायचं नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी पहिल्याच दिवशी कारण विचारलं.

"शिक्षा हाय," चाचा म्हणाले. "तुमी शाळंत पोरांना करता ना उभं, तशी."

"आता नाही करत, चाचा. मनाई आहे."

"टीवीला नाय ना मनाई?"

नव्हती. मी जिना चढून वर गेले आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं की, घर चांगलं आहे, हवेशीर आहे, मालक जरा वेगळे आहेत.

ते किती वेगळे आहेत ते हळूहळू कळत गेलं. कुणी टीव्ही घेऊन आलं की बिघाड काय आहे हे चाचा शेवटी विचारायचे. आधी घरच्या माणसांची तपासणी. हे संभाषण मी जिन्यावरून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ आहे.

"घरात माणसं किती?"

"पाच."

"जेवताना चालू असतो?"

"असतो जरा."

"पावणा आला की?"

"आवाज कमी करतो ना."

"कोणाचा? टीवीचा का पावण्याचा?"

गिऱ्हाईक हसायचं. चाचा हसायचे नाहीत. ते टीव्हीच्या पाठीवर खडूने तारीख घालायचे. ती असायची आठ दिवसांनंतरची. दुरुस्ती तासाभराचीच असायची आणि ती त्याच दुपारी उरकलेली असायची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण टीव्ही मिळायचा आठव्या दिवशी. कुणी कुरकुर केली तर चाचांचं उत्तर ठरलेलं, "माणसाचं ऑपरेशन झालं की लगेच घरी सोडतात का? त्याला आराम लागतो. याला आठ दिवस लागतो."

लोक ऐकून का घ्यायचे, असं मलाही वाटायचं. एक तर त्यांच्या हाताला गुण होता. त्यांनी उघडलेला टीव्ही पुन्हा वर्षानुवर्षं दुकानाची पायरी चढायचा नाही. आणि दुसरं कारण होतं संध्याकाळच्या बाकड्याचं.

दुरुस्त झालेला टीव्ही चालतो की नाही हे बघायला चाचा तो लावायचे, पण त्याच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. "टीवी कानानं कळतो," म्हणायचे. अशा रीतीने दिवसभरात चार-पाच मालिका त्यांच्या कानांवरून जायच्या. आणि ज्यांचा टीव्ही दुकानात मुक्कामाला आहे त्यांची मालिका चुकू नये म्हणून संध्याकाळी साडेसहाला दुकानासमोरच्या बाकड्यावर चाचा त्यांना ती सांगायचे. ही त्यांची ग्राहकसेवा. यायच्या बहुतेक बायकाच, पण त्यांना आणायला आलेले नवरेही मग तिथेच टेकायचे.

अडचण एवढीच की चाचा मालिका सांगायला सुरुवात करायचे ती मालिकेतली असायची, पुढे ती त्यांची स्वतःची व्हायची. त्या वर्षी एका मालिकेतली सासू सुनेवर चिडून घर सोडून निघते, इथपर्यंत खरं होतं. चाचांनी तिला बंगल्यातून काढून थेट पोलादपूरच्या स्टँडवर आणली आणि महाबळेश्वरच्या एस्टीत बसवली. खिडकीजवळची जागा. अंगावर भरजरी साडी, मांडीवर सुटकेस. पुढे आंबेनळी घाट. सासू कधी एस्टीत बसलेली नाही, तिला वळणं लागतात, शेजारची बाई तिला लिंबू देते, मग दोघींचं बोलणं सुरू होतं आणि सासूला कळतं की शेजारची बाई पण सुनेवर चिडूनच निघाली आहे. बाकड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. कारण पोलादपुरात सासूवर किंवा सुनेवर चिडून ती एस्टी न पकडलेली बाई शोधावी लागली असती.

समोर पिठाची गिरण होती. ती चालवायच्या सुमनकाकी. त्यांचा टीव्ही आठ दिवस आराम करून घरी गेला आणि दुसऱ्या संध्याकाळी काकी पुन्हा बाकड्यावर हजर.

"काय गो, टीवी बिघडला का परत?" चाचांनी विचारलं.

"टीवी बरा हाय," काकी म्हणाल्या. "पण तिकडं ती सासू अजून जिन्यातच उभी हाय. आठ दिवसांत दोन पायऱ्या उतरली. तुमची कुठवर आली?"

त्या दिवसापासून घरात चालू टीव्ही असलेली माणसंही बाकड्यावर येऊ लागली. चाचांनी तेव्हा कानावरचा टेस्टर काढून पुन्हा नीट बसवला. खूश झाले की ते एवढंच करायचे.

चाचांच्या स्वतःच्या घरात मात्र टीव्ही नव्हता. त्याची एक गोष्ट होती आणि ती ते वर्षातून दोनदा तरी सांगायचे, चाची समोर असताना हमखास. चाचा तरुणपणी आखातात होते, तिथेच हे काम शिकले. तिथून त्यांनी मित्राबरोबर घरी रंगीत टीव्ही पाठवला. मोहल्ल्यातला पहिला. पुढे दोन वर्षांनी रजा मिळाली, तेव्हा न कळवता निघाले. मुंबईहून जीप करून संध्याकाळी दारात उतरले तर दाराबाहेर चाळीसेक चपला.

"मला वाटलं, घरात कोण गेलं," चाचा सांगायचे. "आत जातो तं अंधार, आणि सगळा मोहल्ला टीवीपुढं. माझ्याकडं एक मान वळली नाय. हिनं तं न बघताच सांगितलं, बसा मागं, जागा करून घ्या."

"मंग मी चहा नाय दिला?" चाची रागावून विचारायच्या.

"दिला. जाहिरात लागली तवा दिला."

सगळे हसायचे. पण त्या गोष्टीचा शेवट चाचा हळू आवाजात सांगायचे. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा अगदी पुढे बसला होता. चाचा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, दोनदा नावाने हाक मारली. मुलाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधे येताय म्हणून हाताने त्यांना बाजूला सारलं.

"आणि मी काय केलं? शहाणपणा केला, हितं येऊन टीवीचंच दुकान काढलं," ते म्हणायचे. "वरंधच्या बाजूला, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर, रस्ता नव्हता तवा खांद्यावर टीवी चढवलेत मी. जिथं जिथं अँटेना उभी केली, तिथला तिथला ओटा रिकामा झाला. सगळे नाय परत घेता येत आता. आठ-आठ दिवस घेतो."

हे सगळं मी गंमत म्हणून बघत होते. वरच्या खोलीत माझा टीव्ही होता आणि तो उत्तम चालत होता.

माझा मुलगा सम्यक तेव्हा तीन वर्षांचा व्हायला आला होता. दिवसभर मी शाळेत, तो सुमनकाकींकडे. काकींचं लक्ष गिरणीत, सम्यकचं टीव्हीत. संध्याकाळी मी यायची ती दमून. स्वयंपाक, धुणं, दुसऱ्या दिवशीचे शाळेचे कागद. टीव्ही लावला की तो हलायचा नाही, रडायचा नाही, भूक लागली हेसुद्धा सांगायचा नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, माझं बाळ अजिबात त्रास देत नाही.

तो बोलत होता, असं मी स्वतःला सांगत होते. कार्टूनमधली हिंदी वाक्यं तो घडाघडा म्हणायचा. 'चलो दोस्तों, खतरा है' असं कपाटाला सांगायचा. साबणाची, बिस्किटांची, गाडीच्या टायरची जाहिरात त्याला चालीसकट पाठ होती. पण पाणी पाहिजे म्हणायचा नाही. हाक मारली तर वळायचा नाही. आणि आई म्हणायचा नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या चाळीस मुलांकडून 'आईवर पाच वाक्ये' लिहून घेत होते आणि माझ्या घरात तो शब्द नव्हता.

महाडला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, टाळ्या वाजवून बघितल्या, मशीन लावलं. कान ठणठणीत होते. डॉक्टर म्हणाले, "घरी याच्याशी बोलतं कोण?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला टीव्हीच आठवला. परत येताना एस्टीत सम्यक माझ्या मांडीवर बसून टायरची जाहिरात गुणगुणत होता. हा मला कधी हाकच मारणार नाही, ही भीती त्या दिवशी माझ्या मनात बसली. घरी आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून मी चाचींसमोर रडले. आणि मग वर जाऊन, स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून, टीव्ही लावला. हे लिहायला लाज वाटते, पण लावला.

दोनच दिवसांनी टीव्ही गेला. पडदा काळा, त्यावर 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरं. चाचा वर आले, पुढून-मागून बघितलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं आणि टीव्ही न् त्याचा सेट-टॉप डबा दोन्ही उचलून खाली घेऊन गेले.

"मोठं काम हाय बाई. पार्ट मुंबईवरनं यायला लागंल."

त्याच आठवड्यात ते गिरणीत जाऊन सुमनकाकींना म्हणाले, "तुमच्या टीवीचा आवाज मला दुकानापर्यंत येतो, मला तो बरा नाय वाटत. एकदा बघून देतो." काकींनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्या मुलाकडे बघितलं आणि काही न विचारता टीव्ही उचलून दिला. हे मला त्या वेळी समजायला हवं होतं.

पहिले दोन दिवस सम्यक त्या रिकाम्या टेबलासमोर बसून किंचाळला. दिवस पावसाचे, घाट बंद, नवरा फोनवर. तिसऱ्या संध्याकाळी मला ते ऐकवेना, म्हणून त्याला कडेवर घेऊन खाली आणलं आणि बाकड्याजवळ सोडलं. तो आधी दुकानात शिरला. फळ्यांवरच्या एकेका टीव्हीच्या मागे डोकं घालून पडदा शोधू लागला. सगळे पडदे काळे. चाचांनी त्याला अडवलं नाही, बोलावलंही नाही. आपली सासू घाटात चढवत राहिले.

सगळे पडदे बघून झाल्यावर पोरगं बाहेर येऊन पायरीवर बसलं. कुणाकडेच न बघता. असे चार दिवस गेले.

चाचांची सांगायची एक पद्धत होती. ते मधेच थांबायचे. एस्टी वळणावर आली की स्वतः वळणाच्या बाजूला कलायचे आणि तसेच कललेले गप्प राहायचे. बायका ओरडायच्या, "अवो चाचा, सांगा ना." पण ते थांबायचेच. पाचव्या दिवशी एस्टी अशीच एका वळणावर आली, चाचा डावीकडे कलले आणि गप्प झाले. आणि पायरीवर बसलेला सम्यक डावीकडे कलला.

चाचांनी गाडी पुढच्या वळणाला उजवीकडे घेतली. सम्यक उजवीकडे. त्या संध्याकाळी चाचांनी आंबेनळी घाटात नसतील तेवढी वळणं घातली. सासू बिचारी लिंबू चोखून चोखून थकली.

"पार्ट आला का हो?" मी रोज विचारत होते, कारण हातातलं काम आणि पायाला मिठी मारलेलं पोर हे दोन्ही मला झेपत नव्हतं. चाचा रोज म्हणायचे, "घाट बंद हाय ना, बाई." मुंबईहून पोलादपूरला यायला घाट लागत नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. भूगोल शिकवत होते मी.

दुसरा आठवडा संपला त्या शनिवारी आंबेनळीची एक बाजू उघडली आणि नवरा आला. मी टीव्हीचं गाऱ्हाणं सांगितलं. हा कारखान्यात काम करणारा माणूस, त्याला राहवलं नाही. "सिग्नल नाही म्हणजे आधी वरची डिशची छत्री बघायला पाहिजे," म्हणून तो पावसात गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात दुधाची रिकामी पिशवी आणि दोन रबरं होती.

"वायर कुणीतरी काढून ठेवलीय," तो म्हणाला. "आणि टोकाला पाणी लागू नये म्हणून ही पिशवी बांधलीय. दोन रबरं लावून. चोर असता तर एवढी काळजी घेतली नसती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन आठवडे मी त्या किंकाळ्या ऐकत होते, एका हाताने भाकरी थापत होते, आणि हा माणूस मला मुंबईचा पार्ट सांगत होता. माझ्या घरात काय चालू असावं हे ठरवणारे हे कोण? मी ती पिशवी नवऱ्याच्या हातातून ओढून घेतली आणि जिना उतरले. भांडायचंच म्हणून उतरले. काय बोलायचं ते पायऱ्या उतरताना जुळवत होते.

खाली बैठक रंगात होती. सम्यक आता पायरीवर नव्हता. तो थेट चाचांसमोर, त्यांच्या गुडघ्याला हात टेकून उभा होता.

चाचा सांगत होते, "आणि मंग डायवरनं बघितलं, तं समोर रस्त्यात, एवढा मोठा..."

आणि थांबले. बायका गप्प. पागोळ्यांचा आवाज. चाचांचे दोन्ही हात हवेत पसरलेले आणि डोळे सम्यकच्या डोळ्यांत. मी जिन्याखाली पिशवी घेऊन उभी. ते थांबलेच. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. मीच बोलेन. मुलाचं तोंड जरा उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मंग?" सम्यक म्हणाला.

टीव्हीला कुणी असं विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो. तो शब्द कुठल्या जाहिरातीतला नव्हता, कार्टूनमधला नव्हता. तो या बाकड्यावरचा होता आणि माझ्या मुलाने तो एका माणसाच्या तोंडाकडे बघून म्हटला होता.

चाचांनी ना टाळी वाजवली, ना माझ्याकडे बघितलं. "मंग काय," ते म्हणाले, "एवढा मोठा दगड. सगळी माणसं खाली उतरली. सासू पण उतरली." आणि गोष्ट पुढे निघाली. सुमनकाकी मात्र गिरणीत जायचं निमित्त करून उठल्या आणि जाताना डोळ्यांना पदर लावून गेल्या. मी जिन्यावर बसले. खरं सांगायचं तर आनंदाबरोबर मला हेवाही वाटला. माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही विचारलं, ते मला नाही.

बैठक उठल्यावर, माझ्यामागून खाली आलेल्या नवऱ्याने माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे धरली. "चाचा, हे काय?"

"पाणी जाऊ नये म्हणून बांधली. पाऊस केवढा हाय." चाचा अजिबात वरमले नाहीत. "उद्या जोडून देतो."

"उद्या नको," मी म्हणाले.

तीन आठवड्यांनी सम्यकने आई म्हटलं. तेही गॅसवर दूध उतू जात होतं ते दाखवायला, तिकडे बोट करून, अगदी रोजच म्हणत असल्यासारखं. दूध सगळं उतू गेलं. मी ते तसंच जाऊ दिलं.

पुढे एकदा मी चाचांना सरळ म्हणाले की, मला आधी विचारायला हवं होतं.

"विचारलं असतं तं दिली असतीत वायर काढू?"

"नसती."

"मंग?"

दुसऱ्याच्या घरात असा हात घालायचा त्यांना अधिकार नव्हता, असं मला अजून वाटतं. आणि त्यांनी तो घातला नसता तर काय झालं असतं, या विचाराने अंगावर काटाही येतो. दोन्ही खरं आहे. मात्र त्यांची एक गोष्ट मी शाळेत नेली. वर्गात प्रश्न विचारला की मी घाईने उत्तरही स्वतःच देऊन टाकायची. आता प्रश्न विचारते आणि गप्प उभी राहते. मागच्या बाकावरून, खूप उशिराने, अशी काही उत्तरं येतात की तास वाजला तरी मला हलावंसं वाटत नाही.

टीव्ही चाचांनी दिवाळीत परत दिला. त्याच्या पाठीवर खडूने लिहिलं होतं: 'रोज अर्धा तास'. आम्ही ते पाळलं. अधूनमधून पाऊण तास झाला.

मग माझी बदली झाली. पाठोपाठ कुबडवाले टीव्ही गेले, पातळ आले. ते बिघडले की लोक टाकून द्यायला लागले. टीव्ही खिशात आल्यावर तर आठ दिवस काय, आठ मिनिटं कुणी देईना. चाची गेल्या. घाई असलेले सगळे लोक महाडला गेले आणि शेवटी चाचांनाही त्यांच्या मुलाने महाडला नेलं.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांना भेटायला गेलो. सम्यक आता अकरावीत आहे आणि इतका बोलतो की कॉलेजातून तक्रार येते. रस्ताभर मात्र तो मोबाइलमध्ये होता. चाचांचा मुलगा मालवाहतुकीचा धंदा करतो, चवदार तळ्याच्या मागे त्याचा फ्लॅट आहे. पाच वर्षांचा असताना बापाला बाजूला सारणारा तो हाच. फार अगत्याचा माणूस. "या बाई, बसा बाई," म्हणाला, सरबत दिलं, आणि एवढं सगळं भिंतीवरच्या टीव्हीवरची नजर न काढता केलं. टीव्ही दारापेक्षा मोठा होता. त्यात सहा माणसं एकदम भांडत होती. सून आणि नातवंडंही तिकडेच बघत होती.

चाचा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. कानावर टेस्टर नव्हता. मला ओळखलं, हसले, हात हातात घेतला. बोलले काही नाहीत.

"अब्बा हल्ली बोलत नाहीत," मुलगा म्हणाला. "कान गेलेत बहुतेक. पुढच्या आठवड्यात डॉक्टरला दाखवतोय."

सम्यकच्या वेळचा डॉक्टरांचा तो जुना प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पाहुणीने विचारू नये म्हणून गिळला. चाचांनी माझ्याकडे आणि मग टीव्हीकडे बघितलं. "याचं तोंड नाय फिरवता येत," ते हळूच म्हणाले. "पाठच भिंतीत ठोकलीय." मुलाच्या बोलण्यावरचं ते उत्तर होतं. कान शाबूत असल्याचं मला कळलं.

सम्यकने मोबाइल खिशात टाकला. उठला आणि जाऊन चाचांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. मला वाटलं, आता हा आपल्या कॉलेजच्या गोष्टी सुरू करणार. पण तो काहीच बोलला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिला. मी न राहवून "चाचा, ओळखलंत का याला?" असं विचारायला लागले, तर त्याने माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं. टीव्हीतली माणसं भांडत होती. पाच मिनिटं तरी गेली असतील.

"ती सासू," चाचा म्हणाले आणि थांबले.

सम्यक डावीकडे कलला. सहा फुटांचं पोर, गुडघे पोटाशी घेऊन. चाचांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्यांचा खांदाही त्याच बाजूला कलला.

"मंग?" सम्यकने विचारलं.

"मंग काय," चाचा म्हणाले, आणि आवाज अगदी बाकड्यावरचा होता, "महाबळेश्वर आलं. सगळी उतरली. पण ती म्हणते, मी नाय उतरायची. मला तं आता कुठं वळणांची सवय झाली."

नातवंडांतली एक मान वळली. मग सुनेची. शेवटी त्यांच्या मुलाने बापाकडे बघितलं. थोडा वेळ बघतच राहिला. मग त्याने रिमोट उचलला आणि आवाज कमी केला. टीव्हीचा.